नारबोद होऊ दे

आमच्या गावात पाहुणे आले की तलावाच्या पाळीवर उभे राहतात आणि एकच वाक्य बोलतात, किती शांत आहे हो तुमच्याकडे. पुण्याकडची माझी मावसबहीण तर दोन दिवस तेच घोकत होती. पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या हिरव्या बांधी म्हणजे खाचरं, मधल्या धुऱ्यांवर बगळे, मागे नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल. फोटो काढून काढून तिच्या मोबाईलची जागा संपली. मी मनात म्हटलं, काढ गं, फोटोत आवाज येत नाही ते बरं आहे.

शांत! शांत राहणारच. इथे कोणी कोणाला तोंडावर काही बोलतच नाही. सानगडीहून साकोलीकडे जाताना एक फाटा फुटतो, तो आमच्या गावात येऊन संपतो. सकाळची बस मनात आलं तर येते. एक किराणा, एक पिठाची चक्की, मारुतीचं देऊळ, चौथीपर्यंत शाळा. साकोलीत जाऊन कोणी केसांना लावायची मेंदी आणली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत असतं. एका घरच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं त्या दिवशी आमच्या समोरच्या घरात सांबारवड्या म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या तळल्या होत्या. वास सगळ्या गल्लीत. आणि त्याच घरातली बाई एक ताट झाकून त्या पोरीच्या आईकडे घेऊन गेली, डोळे पुसत. असं शांत आहे आमचं गाव.

मी आंधळगावची. बापाचं बाजारात दुकान होतं, त्यामुळे चिखलात पाय घालायची वेळ कधी आली नव्हती. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच पावसाळ्यात रोवण्याला उभी केली. रोवणा म्हणजे धानाची लावणी. बाया ओळीने वाकून पऱ्हे चिखलात खोचत मागे मागे सरकतात. जी नवी असते, हात सावकाश असतो, तिची इथे एक गंमत करतात. दोन्ही बाजूच्या बाया झपाझप मागे निघून जातात आणि तिच्या पाठीमागून आपल्या ओळी जोडून टाकतात. तिने कंबर सरळ करून पाहिलं की चारी बाजूंनी धान लागलेलं आणि मध्ये ती एकटी, चिखलाच्या तुकड्यात. बाहेर यायचं तर रोवलेलं तुडवावं लागतं, आणि तुडवलं की शिव्या. मला कोंडलं तेव्हा सगळी बांधी हसत होती. सर्वांत मोठ्याने माझी सासू.

मला बाहेर काढलं ते बाईने. बाई म्हणजे माझी मोठी ननंद. लाखांदूरकडे दिलेली, रोवण्याला माहेरी आली होती. ती तशीच साडी खोचून मागून आली, एक ओळ उपटून वाट केली, माझ्या वाटणीचा तुकडा दोन्ही हातांनी रोवून टाकला आणि मला हाताला धरून बाहेर नेलं. मग उपटलेली ओळ पुन्हा लावून दिली. म्हणाली, रडायचं तर घरी जाऊन रड, यांना फुकटचा तमाशा काहून दाखवतेस. तेव्हापासून मी तिची झाले. नवऱ्याची झाले त्याच्या आधी, हे खोटं नाही.

तीच बाई काही वर्षांनी संक्रांतीनंतर परत आली. आली कसली, पाठवली. तिच्या नवऱ्याने एका काळीपिवळीत तिला पिशवीसकट बसवलं आणि आमच्या यांना फोन केला की फाट्यावरून घेऊन जा, खोकला जात नाही, घरात भावाची लहान पोरं आहेत. यांनी मोटरसायकलवर आणलं तेव्हा मी ओळखलं नाही. नुसती हाडं राहिली होती. साकोलीच्या सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, त्या दवाखान्यातूनच मिळत होत्या.

माझी सासू तिला एक शब्द वाकडा बोलली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. सख्खी आई. अंडी उकडून द्यायची. फक्त तिची खाट सांदवाडीत टाकली, म्हणजे घराच्या मागे जिथे गुरं बांधतो आणि सरपण ठेवतो तिथे. म्हणाली, तिथे हवा चांगली लागते. एक ताटली वेगळी केली, एका कडेला चेपलेली. एक गिलास. एक जुनी गोदडी. ताटली मी नेऊन ठेवायची, बाईने खायचं, बाईनेच घासायची, आणि घासलेली ताटली सरपणावर उपडी घालायची. घरात आणायची नाही. मी सुरुवातीला दोनदा आणली. सासूने ती चिमट्याने उचलून बाहेर ठेवली.

गावही फार प्रेमळ. बोरिंगवर बाई पाणी भरायला गेली की बाया बाजूला सरायच्या, कशी आहे वो तब्येत, सुधारली दिसते, असं तोंडभर विचारायच्या. ती वळली की राखेने बोरिंगचा दांडा घासायच्या. तिला घासण्याचा आवाज येईल इतक्या लवकर. मी पाहिलं आणि भांडले. मग मी बोरिंगवर गेले तरी दांडा घासला जायला लागला. रोवण्याला तर आमच्याच बांधीत तिला उतरू दिलं नाही. टोळीची मुखिया मोठ्या मायेने म्हणाली, तू आराम कर, तुझा जीव महत्त्वाचा. बाई दिवसभर धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत राहिली, आणि बाया तिने फेकलेल्या पेंड्या सोडून दुसऱ्या उचलत राहिल्या.

पोळा जवळ आला आणि गोळ्या संपल्या. तिला घेऊन मी साकोलीला गेले. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, बरी झाली आहे, अंगात काही राहिलं नाही, आणि हिच्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती तर केव्हाच संपली होती, घरात नीट झोपवा, चांगलं खाऊ घाला. बाईने मला बाहेर येऊन पुन्हा एकदा विचारलं की डॉक्टर नक्की काय म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग स्टँडवर आम्ही तर्रीपोहे खाल्ले. हॉटेलवाल्याने तिच्या हातात सगळ्यांसारखीच प्लेट दिली, तर ती नुसती प्लेट धरून बसली. मी म्हटलं, खा ना वो, थंड होतील. पोहे तिखट होते म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं तिने मला सांगितलं, आणि मी मान्य केलं.

घरी आल्यावर ती सांदवाडीच्या दारात उभी राहिली. उंबरठ्याच्या बाहेरच. सासू आत लाखोळीची डाळ पाखडत होती. बाईने डॉक्टरचं सगळं सांगितलं आणि विचारलं, माय, मग मी आत येऊ का?

सासूने मान वर केली नाही. सूप हलवत राहिली आणि म्हणाली, "नारबोद होऊ दे, मग पाहू."

नारबोद म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरकडे मारबत म्हणतात तेच. पोळ्याला दारोदार पळसाच्या मेढ्या म्हणजे फांद्या रोवतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गावातले पोट्टे त्या उपटतात, घरोघरच्या बाया तुटकं सूप, झिजलेली झाडणी, फुटकं गाडगं असं काहीबाही त्यांच्याजवळ देतात, आणि हे सगळं ओरडत ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळतात. जे जे घरातून जायला पाहिजे त्याचं नाव घ्यायचं. इडा पिडा, ढेकूण, मच्छर, रोगराई, खासी, खोकला, घेऊन जा गे नारबोद. शिवेबाहेर टाकलेलं परत आणायचं नाही आणि येताना मागे वळून पाहायचं नाही. घरी येऊन आंघोळ करायची, आणि त्या दिवशी बहुतेक घरी कोंबडं शिजतं.

बाईने त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. नारबोद झाला की आपण आत. मीही तोच घेतला. आणखी दुसरा काय घेणार? मोठा सण आहे, सण होऊन जाऊ दे म्हणते, एवढंच. बाई तर लहान पोरीसारखी झाली. गोदडी तलावावर नेऊन आपटून आपटून धुतली, धुऱ्यावर वाळवली, उसवलेले टाके घातले. मला रोज विचारायची की आत कुठे निजू. मी धानाच्या कोठीजवळचा कोपरा सारवून ठेवला होता. तिची पिशवी टांगायला खिळा ठोकला. सासू येता जाता तो खिळा पाहत होती. पोळ्याच्या दिवशी बाईने बैलांना लांबूनच हात जोडले. म्हणाली, पुढच्या साली मी ओवाळीन.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ओरडा ऐकू आला. गल्लीच्या तोंडापासून पोट्टे निघाले, मागे मोठी माणसं, दोघातिघांच्या हातात मोबाईल वर धरलेले. प्रत्येक दारासमोर थांबायचे, सगळी नावं घ्यायचे, पुढे जायचे. आमच्या दारासमोर आले आणि ढेकूण नाही, मच्छर नाही, इडा पिडा नाही. नुसतं खासी घेऊन जा गे नारबोद, खोकला घेऊन जा गे नारबोद. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पोट्टे हसत होते, मोठे लोक हसत नव्हते, तेवढा त्यांना पोच होता. कोणी पुढे जाईना.

माझं डोकं फिरलं. मी दारात जाऊन विचारलं की बाकीच्या घरांसमोर सगळं म्हणता आणि इथेच एवढंच का म्हणता. समोरच्या घरची बाई, तीच सांबारवडीवाली, आपल्या पायरीवर उभी होती. ती कपाळाला आठी न घालता म्हणाली, "आमी का नवीन म्हणून राहिलो का वो? दरसालचंच तं हाये."

आता याला धरणार कुठे? खरंच दरसालचंच होतं. माझ्या आजीच्या वेळेपासून लोक खासी खोकला म्हणत आले. कोर्टात नेलं असतं तरी मीच खोटी पडले असते. मी यांच्याकडे पाहिलं. आमचे हे सपरीत म्हणजे ओसरीत खांबाला टेकून तंबाखूचा खर्रा चोळत उभे होते. म्हणाले, पोट्टे आहेत, जाऊ दे. भाऊ म्हणे! बहिणीच्या नावाने गल्ली ओरडते आहे आणि याला चुना कमी पडला की जास्त याची काळजी.

तेवढ्यात सासू मागून आली. मला वाटलं ती बोलेल. तिच्या तोंडासमोर गावात कोणी टिकत नाही, तिने एक शिवी घातली असती तर सगळे पांगले असते. ती सांदवाडीकडून आली होती. तिच्या काखेत ती गोदडी होती, घडी केलेली, आणि हातात ती चेपलेली ताटली. ती मला बाजूला सारून पायरी उतरली, दोन्ही वस्तू पोट्ट्यांच्या ढिगावर टाकल्या, आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "घेऊन जा गे नारबोद."

वर धरलेले मोबाईल खाली आले. एवढं गावालाही अपेक्षित नव्हतं.

बाई घराला वळसा घालून बाजूच्या बोळातून आली होती. आतून यायचं नाही हे त्या वेळीही तिने पाळलं. ती ढिगाकडे पाहत होती. फक्त आईला म्हणाली, "माय, धुतली होती वो मी ते."

सासू आत निघून गेली. पोट्ट्यांनी ढीग उचलला, पुन्हा ओरडायला लागले, आता सगळी नावं घेऊन, रीतसर. आणि बाई त्यांच्या मागे चालायला लागली. मी धावले तर यांनी माझा दंड पकडला. नारबोदाच्या मागे बायका जात नाहीत म्हणे. मी म्हटलं, मग ती काय आहे? तर म्हणाले, ती येते ना परत, गोदडी घ्यायला गेली. मी हात सोडवायला चावलेसुद्धा. सोडला नाही. आयुष्यात एवढ्या ताकदीने या माणसाने फक्त मलाच धरलं आहे.

लोक शिवेवरून परत आले. बाई नव्हती. मी एकेकाला विचारलं, कुठे गेली, कोणत्या बाजूला गेली. सगळ्यांचं एकच उत्तर, पाहिलं नाही. आणि ते खोटं नव्हतं. मागे वळून पाहायचं नसतं. नियम सगळ्यांनी नीट पाळला होता. सुटल्यावर मी शिवेपर्यंत पळत गेले. राख गरम होती, राखेत ती ताटली काळी पडलेली होती. गोदडी जळून गेली होती. फाट्यावरचा पानठेलेवाला म्हणाला, एक बाई साकोलीच्या काळीपिवळीत बसली, हातात काही नव्हतं.

त्या दुपारी आमच्याकडेही कोंबडं शिजलं. सासूने स्वतः मसाला वाटला. हे दोनदा रस्सा घेऊन जेवले. मला त्या दिवशी दोघांच्या ताटात राख कालवावीशी वाटली होती, आणि आजही सांगते, वाटते. संध्याकाळी गावातल्या अर्ध्या लोकांच्या स्टेटसला नारबोदाचा व्हिडिओ होता. त्यात आमचं दार येतं, सासूचा हात येतो, गोदडी हवेत उडते, आणि लगेच पुढचं घर लागतं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, आपली परंपरा, आपला अभिमान.

बाई मेली नाही. गावाला वाटतं तसं काही झालं नाही. ती हायवेवरच्या एका ढाब्यात भांडी घासते. मला दिवाळीनंतर दिसली. बसच्या खिडकीतून. मग मी मुद्दाम उतरून गेले. अंग भरलं आहे, मालकाने राहायला खोली दिली आहे, ताटं स्टीलची, कप्प्यांची. मी म्हटलं चल घरी, तर तिने हात पुसले आणि मला चहा आणून दिला, आणि माझ्या पोरांचं विचारत राहिली. तिच्या नवऱ्याचं किंवा आईचं नाव तिने काढलं नाही.

मजा पुढेच आहे. आमच्या गावचे लोक साकोलीला कामाला गेले की त्याच ढाब्यावर जेवतात. मागच्या बाजूला भांडी कोण घासतं ते पाहायला कोणी जात नाही. समोरच्या घरची बाई आपल्या लेकाच्या साखरपुड्याची खरेदी करून येताना सगळ्या घरादाराला घेऊन तिथे जेवली आणि आठ दिवस सांगत होती, काय वो ते स्वच्छता, ताट कसं लखलखीत. मी म्हटलं, हो, तिथली ताटं फार छान घासलेली असतात. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. खाऊ द्या.

यंदा सासूला खोकला झाला. रोवण्याच्या वेळेपासून लागला, जाईना. मी तिला त्याच दवाखान्यात नेलं, तशाच सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. चुलीचा धूर आणि वय, डॉक्टर म्हणाले, टीबी वगैरे नाही, काळजी करू नका. मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. मी खोटं बोलले नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाईलेबी डॉक्टर असाच म्हणे."

त्या दिवसापासून तिने आपली ताटली आपणच वेगळी केली. मी केली नाही. मी एक दिवस सगळ्यांच्या ताटात तिचं ताट मिसळलं, तर तिने ते बाजूला काढलं आणि आपण घासून उपडं घातलं. खोकला आला की पदराचा बोळा तोंडात कोंबते. गल्लीत कोणाची चाहूल लागली की श्वास धरून बसते, चेहरा लाल होईपर्यंत. बोरिंगवर जात नाही. बाया मला विचारतात, आई दिसत नाहीत वो, तब्येत बरी आहे ना? मी म्हणते, बरी आहे. त्या मान हलवतात. आणि मी वळले की दांडा घासल्याचा आवाज येतो.

आज पोळा झाला. संध्याकाळी दारापुढे मेढ्या रोवून मी आत आले तर ती धानाच्या कोठीजवळ बसली होती, माझ्या त्या सारवलेल्या कोपऱ्यात. खिळा अजून तिथे आहे, मी काढला नाही. तिने आपली गोदडी मांडीवर घेतली होती, घट्ट. हे बाहेर खर्रा आणायला गेले होते. ती माझ्याकडे पाहत होती, पण बोलायला तिला वेळ लागला, कारण मध्येच खोकला आला आणि तिने तो गिळला.

मग म्हणाली, उद्या सकाळी दार लोटून घेशील का, मी आतच बसते, आवाज करणार नाही. आणि पोट्टे थांबलेच आपल्या दारासमोर, तर तू बोलशील ना त्यांना. तू बोलतेस, तुला लोक भितात. एवढं बोलून तिने माझा पदर धरला.

सासूला मी आई म्हणते. दिवा लावायचा राहिला होता. मी पदर सोडवून घेतला, वात सारखी केली आणि मान वर न करता म्हटलं,

"नारबोद होऊ दे, आई. मग पाहू."